चिमूटभर अंगारा

सासूबाई गेल्या त्या वर्षापासून मला ओल्या मातीचा वास सहन होईनासा झाला. नकोसा झाला असं नाही. उलट इतका हवासा, की अंगणात सडा टाकला की हातातली बादली खाली ठेवून मी तशीच उभी राहायची आणि तोंडाला पाणी सुटायचं. चाळिशी ओलांडलेल्या बाईनं असं काही कुणाला सांगायचं म्हटलं तरी कसं सांगावं? आणि घरात सांगायला कुणी नव्हतंच. आमचं गाव भडगावपासून थोडं आत, गिरणेच्या काठाला. यजमान सुरतला कापडाच्या लूमवर काम करतात. बारावी झाल्यावर मुलगाही त्यांच्याच मागं गेला. तिथं एका खोलीत सहा-सात पुरुष राहतात, पाळीप्रमाणे झोपतात, त्यात बाईमाणसाला जागा कुठली? इथं दोन एकर कपाशी आहे, घर आहे, आणि घराला कुलूप लावलं की घर राहत नाही, म्हणून मी राहिले. सासूबाई होत्या तोवर निदान भांडायला एक माणूस होतं. त्या गेल्यावर संध्याकाळी एकाच ताटाचा आवाज येऊ लागला.

गावाबाहेर भवानीचं लहानसं देऊळ आहे. पुढं फरशी बसवली आहे, पण मागची ओसरी अजून मातीची. सासूबाई तिथं मंगळवार-शुक्रवार झाडलोट आणि सारवण करायच्या. त्यांच्या मागं ते काम मी घेतलं, आणि दोन वारांचं हळूहळू रोजचं झालं. पहाटे देवळात गेलं की बरं वाटायचं. खरं सांगायचं तर मूर्तीपेक्षा मला मागची ओसरीच जास्त ओढायची. पाण्याचा हबका मारला की भिंतीतून जो वास उठायचा त्यानं मी वेडी व्हायची. एक दिवस बोट भिंतीला लावलं आणि जिभेवर ठेवलं. मग ते रोजचं झालं. मातीची लाज वाटायची म्हणून मी अंगाऱ्याकडे वळले. अंगारा म्हणजे प्रसादच, त्याला कोण काय म्हणणार? आधी कपाळाला लावून उरलेला जिभेवर, मग चिमूटभर वेगळा, मग पदराच्या टोकाला बांधून घरी. दुपारी शेतात, संध्याकाळी उंबऱ्यात बसून मी तो थोडा थोडा खायची.

मला तेव्हा हे देवीचं बोलावणं वाटायचं. आज वाचणाऱ्याला हसू येईल, पण ज्या बाईला दिवस दिवस कुणी हाक मारत नाही, तिला असं आतून कुणीतरी ओढतंय हे केवढं मोठं वाटतं, ते मी शब्दांत सांगू शकत नाही. देवळाची पूजा करणारे नाना ऐंशीच्या घरातले. ते एकदा मायेनं म्हणाले, "देवीनी तुले धरी लिन्हं, सूनबाई." देवीनं तुला धरलं आहे. ते वाक्य मी कितीतरी दिवस मनात घोळवत होते. धरलं आहे, म्हणजे कुणाच्या तरी हातात मी आहे.

शरीर मात्र सुटत चाललं होतं. जिना नसलेल्या घरात राहूनही मला धाप लागायची. हंडा उचलला की छाती धडधडायची. केस इतके गळायचे की मी झाडू मारताना खाली बघायचं सोडून दिलं. तोंड सुजल्यासारखं, पाय जड, ऐन उन्हाळ्यात अंगावर गोधडी. महिन्याचं दुखणं तर सांगण्यासारखं नव्हतं. ते चार दिवस मी घरातून हलायचीच नाही. आवाजही गेला. आरतीला मी पुढं असायची, आता घसा पुरुषासारखा झाला, तेव्हा मी नुसती टाळी वाजवू लागले. या सगळ्याचा अर्थही मी देवीपाशीच लावला. ती एकेक काढून घेतेय, मला रिकामं करतेय, असं समजून मी उपास वाढवले. मंगळवार होताच, शुक्रवार धरला. नवरात्रात नऊ दिवस नुसत्या चहावर राहिले. फोनवर यजमानांना म्हटलं, "थकवा फार येतो हो." ते कारखान्याच्या आवाजातच बोलत होते. म्हणाले, "आराम कर. एकटीच तर आहेस, तुला काम ते किती?" त्यांनी ते काळजीनंच म्हटलं होतं. पण फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या "एकटीच तर आहेस" पाशी बसून राहिले.

मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी मी धुळ्याला एकवीरेच्या दर्शनाला निघाले. ती आमची कुलदेवता. लग्नानंतर जोडीनं गेले होते, मुलगा झाल्यावर त्याला पायांवर घालायला गेले होते, त्यानंतर जाणं झालं नव्हतं. या वेळी एकटीच निघाले आणि मनात एकच होतं: आई, काय ते एकदा ठरव. न्यायचं असेल तर ने, ठेवायचं असेल तर उभी राहता येईल अशी ठेव. कुणाला सांगून निघाले नाही. पारोळ्याला गाडी बदलताना डोळ्यांपुढं अंधारी आली, तेव्हा बसच्या दांड्याला धरून उभी राहिले. कंडक्टरनं विचारलं, "सोबत कोण आहे, ताई?" मी म्हटलं, "आहेत पुढं." पुढं कुणी नव्हतं.

देवळात त्या दिवशी फार गर्दी नव्हती. पांझरेकडून गार वारा येत होता आणि मी कुडकुडत होते. देवीसमोर उभी राहिले, ओटी भरली, पण जे मागायला आले होते ते ओठांवर येईना. डोक्यात नुसता अंगाऱ्याचा वास. आज लिहितानाही मला कसंसं होतं, पण आईच्या समोर उभी असताना माझं लक्ष तिच्या डोळ्यांकडे नव्हतं, धुपाच्या पात्राकडे होतं. बाजूला होऊन मी मूठभर राख घेतली आणि मंडपातल्या खांबाला टेकून, पदराआड तोंड करून खाऊ लागले. उपास होता, पोटात काही नव्हतं. घाईघाईनं खाल्ल्यानं ठसका लागला. खोकताना राख पदरावर उडाली, डोळ्यांतून पाणी आलं आणि मी तिथंच खाली बसले.

तेव्हा एक बाई माझ्यासमोर येऊन बसली. माझ्याच वयाची, किंवा थोडी मोठी. हिरवं लुगडं, काळवंडलेले हात, टाचांना भेगा. मांडीवर कापडी पिशवी. तिनं इकडंतिकडं न बघता माझी करंगळी हातात घेतली, वाटीसारखं खोलगट झालेलं नख उलटसुलट करून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "माटी बी खास ना?"

माती पण खातेस ना, असं तिनं विचारलं. ज्या सुरात आपण जेवलीस का विचारतो, त्याच सुरात. मी पदरावरची राख झटकली. मी म्हटलं, "प्रसाद आहे."

"परसाद चिमूटभर ऱ्हास, माय," ती म्हणाली. प्रसाद चिमूटभरच असतो. मग माझ्या डोळ्याखालची कातडी अंगठ्यानं खाली ओढून पाहिलं. "माले बी व्हयेल व्हतं. तुन्हा आंगमा रगत नही शे."

तिलाही झालं होतं. एवढंच ऐकलं आणि मला रडू फुटलं. रक्त नाही हे ऐकून मी घाबरले नाही. या जगात ही गोष्ट मला एकटीलाच होते असं मी इतकी वर्षं समजत होते, आणि समोर बसलेली एक अनोळखी बाई सांगत होती की तिनंही चुलीची माती खाल्ली आहे, भिंतीची खाल्ली आहे, लपून खाल्ली आहे. तिच्या सासरी तिला बाहेरचं झालंय म्हणून धाग्यादोऱ्याला नेलं. मग शेतात चक्कर येऊन पडली तेव्हा नणंदेनं दवाखान्यात नेलं. हे सगळं ती हळू आवाजात सांगत होती आणि सांगता सांगता तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली. मला खांबापासून उठवून कडेला नेलं, माझ्या ओंजळीत पाणी ओतलं आणि म्हणाली, "गुळणी कर."

मी गुळणी केली. राखाडी पाणी पडलं. तिनं पुन्हा ओतलं, पुन्हा केली. पाणी स्वच्छ येईपर्यंत तिनं मला सोडलं नाही. मग आपल्या लुगड्याच्या पदरानं माझं तोंड पुसलं, ओठांच्या कडा, हनुवटी, अगदी लहान पोराचं पुसावं तसं. सासूबाई गेल्यानंतर माझ्या चेहऱ्याला कुणाचा हात लागला नव्हता. मी डोळे मिटून उभी राहिले. कितीतरी वेळ झाला असं वाटलं, पण क्षणभरच असेल.

तिनं भाकरी काढली, मेथीची भाजी, गुळाचा खडा. मी म्हटलं, "माझा मंगळवार आहे." ती गाभाऱ्याकडे हात करून म्हणाली, "ती काय म्हनस, तिले इचार. मी सांगस, खाय." तिला विचार, पण मी सांगते, खा. मी देवीकडे पाहिलं. कौल वगैरे काही झाला नाही, फूल पडलं नाही, घंटा वाजली नाही. पण त्या दिवसभरात पहिल्यांदा माझं लक्ष तिच्या डोळ्यांवर गेलं आणि तिथंच थांबलं. मी भाकरी मोडली. खाताना ती बाई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, "देवीले सांग, पन डाक्टरले बी दखाड." देवीला सांग, पण डॉक्टरलाही दाखव. तेवढ्यात तिच्या बरोबरच्या बायकांनी हाक मारली, त्यांची साक्रीकडची गाडी होती. तिनं विचारलं, "कोनी शे का संगे?" सोबत कुणी आहे का? या वेळी मी खोटं बोलले नाही. नाही म्हणून मान हलवली. तिनं उरलेला गूळ माझ्या मुठीत दिला आणि ती गेली. तिचं नाव विचारायचं राहिलं. ती देवी होती असं मी म्हणत नाही. तिच्या टाचांच्या भेगा मी पाहिल्या आहेत, तिच्या भाकरीला थोडी करपल्याची चव होती. ती एक बाई होती. पण मी ज्या दाराशी मागायला गेले होते, त्या दारातच ती मला भेटली, इतकंच मला माहीत आहे.

पुढचं सगळं काही चुटकीसरशी झालं नाही. आमच्या जवळच्या आरोग्य केंद्रात डॉक्टरांची जागा बरेच दिवस रिकामी होती. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी दुसरीकडच्या डॉक्टरबाई येऊन बसायच्या. मी दोनदा परत आले, तिसऱ्यांदा त्या भेटल्या. तरुण होत्या, घाईत होत्या. मी खाली मान घालून मातीचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "रक्त फार कमी झालं की अशी इच्छा होते. हा आजाराचाच भाग आहे, बरा होतो." त्यांनी रक्त तपासलं आणि मला विचारलं, "तुम्ही इथपर्यंत चालत आलात?" मग भडगावच्या सरकारी दवाखान्यात लोहाचं सलाईन लावायला पाठवलं. तिथंही पहिला प्रश्न, सोबत कोण? सोबत कोणी नाही म्हटल्यावर सिस्टर काळजीत पडली. शेवटी शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीच्या आईनं सांगितलं, मी बघते हिच्याकडे. दोन्ही खाटांच्या मध्ये बसून तिनं आपल्या लेकीची आणि माझी अशा दोन्ही बाटल्या सांभाळल्या. मी वर थेंब मोजायचं सोडून तिच्याकडेच बघत पडले होते.

डॉक्टरबाईंनी थायरॉइडची तपासणीही सांगितली होती, ती इथं होत नव्हती. रक्त जळगावला गेलं आणि रिपोर्ट यायला इतका उशीर झाला की मी विसरूनच गेले. आला तेव्हा कळलं, गळ्यातली थायरॉइडची लहानशी ग्रंथी माझ्या शरीराला पुरेसा रस देत नव्हती. थंडी, सूज, आवाज, महिन्याचा त्रास, त्यातून रक्त जाणं, सगळं एकमेकांत गुंतलेलं होतं. गोळ्या सुरू झाल्या. मी भोळेपणानं थायरॉइडची आणि लोहाची, दोन्ही गोळ्या सकाळच्या चहाबरोबर एकदमच घ्यायची, एकदाच काम उरकावं म्हणून. कित्येक महिने गेले, अंगात जोर येईना. मध्ये डॉक्टरबाई बदलून गेल्या, गोळ्याही कधी असायच्या कधी नसायच्या, नसल्या की जळगावची बस धरायची. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात एकदा नंबर लागला तेव्हा एका डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, कशी घेता सांगा. ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला नाही की ओरडले नाहीत. म्हणाले, थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. नंतर निदान अर्धा तास चहासुद्धा नाही. लोहाची गोळी दुपारी जेवल्यावर, लिंबू पिळून, आणि तिच्याही आसपास चहा नको. एकीच्या कामात दुसरीनं यायचं नाही. तिथून पुढं मात्र फरक पडत गेला. नखं सरळ होऊ लागली. एक दिवस आंघोळ करून आले आणि लक्षात आलं की मी गोधडी शोधली नाही.

मातीची ओढ मात्र त्याच्या कितीतरी आधी, सलाईननंतर थोड्याच दिवसांत गेली होती. आणि हे सांगायला मला सर्वात जड जातं. एका पहाटे मी देवळाच्या मागच्या ओसरीवर पाणी मारलं, वास आला, आणि तो नुसता वास होता. काही झालं नाही. मी भिंतीला नाक लावलं. काही नाही. अंगारा जिभेवर ठेवला, तो राखेसारखा लागला, म्हणजे जसा असतो तसा. मला आनंद व्हायला हवा होता. मी तिथंच बसून रडले. इतकी वर्षं मला जी हाक वाटत होती ती रक्त कमी झाल्याची हाक होती. मग देवीनं मला कधी धरलंच नव्हतं का? आजार गेला तशी तीही गेली का? घरी एकटी होतेच, आता देवळातही एकटी झाले. नाना पूजा करून बाहेर आले, माझ्या कपाळाकडे बघून म्हणाले, "आज अंगारा नही लिन्हा?" मी म्हटलं, "आता लागत नाही, नाना." ते सहज म्हणाले, "मंग आते कसाले येस तू?" मग आता येतेस कशाला? त्यांनी थट्टेनं विचारलं होतं. पण तो प्रश्न घेऊनच मी घरी आले. त्यानंतर बरेच महिने मी देवळात गेले नाही.

गेले ते पुन्हा कशामुळे, हे मला नीट सांगता येत नाही. कुणी स्वप्नात आलं नाही. पुढच्या वर्षीच्या माघातली एक सकाळ होती, कपाशीची शेवटची वेचणी आटोपली होती, अंगात बळ होतं आणि हातांना काम नव्हतं. शेण आणि माती कालवून मी ओसरी सारवायला घेतली. पूर्वी चार हात सारवलं की बसावं लागायचं. त्या दिवशी एका दमात या कडेपासून त्या कडेपर्यंत गेले. हात धुतले आणि गाभाऱ्याच्या दारात टेकले. मन कशाकडेही ओढत नव्हतं. पदरात काही बांधून न्यायचं नव्हतं, मागायचंही काही सुचत नव्हतं. देवी होती, मी होते. तेव्हा मला धुळ्याच्या मंडपातली मी आठवले. आईच्या समोर उभं राहूनही धुपाच्या पात्राकडे बघणारी. आणि वाटलं, आज मी पहिल्यांदा तिच्यासाठी आले आहे. तिनं काही काढून घेतलं असेल तर ती माझी भूक. आणि ती काढायला तिनं एका बाईचा पदर वापरला, एका परक्या लेकीच्या आईचे डोळे वापरले, घाईतल्या डॉक्टरबाईंची चिठ्ठी वापरली. मला माझ्या आतूनच ओढायचं, असं तिच्यावर बंधन थोडंच आहे?

मी नानांना उत्तर दिलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून जायला लागले. आरतीला आवाज अजून पहिल्यासारखा लागत नाही, तरी गाते. यजमान दिवाळीला आले तेव्हा मी त्यांना मातीची सगळी गोष्ट सांगितली. त्यांचं जेवणाचं ताट तसंच राहिलं. मग म्हणाले, "मला फोनवर का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "लूमचा आवाज फार होता." त्यावर आम्ही दोघंही हसलो, आणि नंतर ते बराच वेळ माझी नखं बघत बसले. भाऊबीज झाली आणि ते परत गेले. जाणारच होते. घर पुन्हा तसंच झालं.

थायरॉइडची गोळी जन्मभराची आहे, असं डॉक्टरांनी सांगितलंय. आधी ते ऐकून जीव दडपला होता. आता पहाटे उठते, तोंड धुते, साध्या पाण्याबरोबर गोळी घेते आणि ओट्यावर येऊन बसते. अर्धा तास चहा नाही, काही नाही. हा वेळ पूर्वी खायला उठायचा. काय करावं कळायचं नाही, एकटेपण तर त्याच वेळी सर्वात जास्त टोचतं. आता मी त्या वेळात जप करत नाही, स्तोत्र म्हणत नाही. हात मांडीवर ठेवून बसते. शरण जाणं म्हणजे स्वतःला झिजवून, उपाशी ठेवून तिच्या पायाशी टाकणं असं मी समजत होते. आता एवढंच समजतं की आत गोळी आपलं काम करत असते, देवीही आपलं करत असते, आणि माझं काम फक्त मध्ये न येण्याचं. समोरच्या शेवग्यावर पाखरं बोलायला लागतात. नदीकडून गारवा येतो, तो आता सोसतो. मग उजाडतं, आणि मी उठून माझ्यापुरता एक कप चहा ठेवते.